क्लचचं चामडं

चामडं हातात आलं की मिस्त्री आधी ते गालावर घासायचा. डोळे मिटून, न्हाव्यापुढे बसल्यासारखा. मग म्हणायचा, "हाताला घट्टे पडलेत, त्याला कळत न्हाई. गाल खोटं बोलत न्हाई." जिनिंगमधले लोक त्याला हसायचे. हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असायचो. तेव्हा मला अक्कल नव्हती, आणि पुढे ती आली तेव्हा तिचा काही उपयोग राहिला नव्हता.

निजामाचा अंमल होता. परभणीत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक आमच्या जिनिंगच्या मालकांची. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराने कंटाळा आल्यावर विकलेली. मी मालकांच्या सरकीच्या बैलगाड्या हाकायचो. बैल हाकतो तो मोटारही हाकेल, असं म्हणून मालकांनी मला ड्रायव्हर केलं.

तुम्ही आजच्या गाड्या पाहिलेली माणसं, म्हणून सांगतो. त्या मोटारीच्या क्लचला चामड्याची पट्टी असे. एका वाडग्यात दुसरं वाडगं घट्ट बसावं तसे दोन लोखंडी भाग, आणि मध्ये ते चामडं. पायाने दाबलं की भाग सुटायचे. पाय काढला की चामडं पकड घ्यायचं आणि मोटार चालायची. पाय नुसता टेकवून ठेवला तर मात्र चामडं घासत राहायचं आणि जळायचं.

आमच्या मोटारीची पट्टी झिजली तेव्हा मिस्त्रीला बोलावलं. तो चामडं कमावणाऱ्या ढोर समाजाचा. बाप विहिरीतून पाणी उपसायच्या चामडी मोटा शिवायचा. हा मात्र हैदराबादला एका मोटारखान्यात राबून, शिकून आला होता. स्टेशनाजवळ एका लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान, म्हणजे एक गोणपाट आणि नट पिळायचे चार पाने. पावसाळा लागला की दुकान बंद आणि चूलही बंद. मालकांनी त्याला शब्द दिला, "क्लच नीट बसव. सहा महिने टिकला, की जिनिंगच्या फाटकाजवळची पत्र्याची खोली तुझी." त्या खोलीसाठी तो काहीही करायला तयार होता.

मालकांनी हैदराबादहून तयार पट्टी मागवली होती, विलायती छापाची. मिस्त्रीने ती गालाला लावली, वाकवली. करकर वाजली.

"मालक, ही बसवली तर मोटार तुमालाच ढकलावी लागंल."

मालक हसले. मिस्त्री ढोरवाड्यातून मोटेचं चामडं घेऊन आला. मी विचारलं, "ह्यात काय पाहिलंस?"

"पोटाचं चामडं ताणतंय. पाठीचं घ्यावं. पाठीला ताणाची सवय असती."

दोन दिवस त्याने ते एरंडेल तेलात भिजवलं. तांब्याचे रिबीट ठोकले, त्यांची डोकी चामड्यात खोल बुडवली. मोटार निघाली ती हिसका न देता, दह्यावरची साय सरकावी तशी. "सोन्याचा हात हाय रे तुझा!" मालक म्हणाले. मग त्या सोन्याच्या हातांची ओंजळ करून मिस्त्री उकिडवा बसला आणि गड्याने वरून पाणी ओतलं. मालक लिंगायत, त्यांच्या गळ्यात लिंग होतं, मिस्त्रीच्याही गळ्यात लिंग होतं. दोघांचा देव एक, पण पाणी वेगळं. मोटारीची गादीही चामड्याचीच होती. तिच्यावर मालक खुशाल बसायचे.

चाचणीला मिस्त्री माझ्या शेजारी बसला आणि पहिल्याच फर्लांगात ओरडला, "पाय उचल, पाय! मोटार हाय ती, ढवळ्या-पवळ्या न्हाई!"

गाडीवानाचा पाय माझा. बैल हाकताना तो गाडीच्या धुऱ्यावर टेकलेलाच असायचा. मोटारीत धुरा नव्हता, म्हणून मी तो क्लचवर टेकवायचो. मिस्त्री बघत असला की उचलायचो. तो उतरला की पाय परत जागेवर.

तिसऱ्या महिन्यात तालुकदारसाहेबांचा जिंतूरचा दौरा निघाला. मालकांनी हौसेने आपली मोटार दिली आणि स्वतःही बसले. झरीच्या पुढे नाल्याचा चढ लागला. इंजिन बोंबलत होतं आणि मोटार मागे सरकत होती. जळक्या चामड्याचा वास सुटला. शेवटी एवढा मोठा अंमलदार कडब्याच्या गाडीत बसून पुढे गेला. मालकांचं तोंड पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैलांनी मोटार ओढून आणली. मिस्त्रीने मालकांसमोरच क्लच उघडला. पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं.

"मालक, चामड्याचा कसूर न्हाई. पाय ठेवून ठेवून जाळलंय."

मालक माझ्याकडे वळले. "काय रे, पाय ठेवत होतास?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. मी खरं सांगेन अशी त्याला खात्रीच होती.

"न्हाई जी," मी म्हणालो. "कधीच न्हाई."

मालकांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. "शेवटी मोटा शिवणारी जात. मोटार ह्यायला काय कळायची!" एवढं बोलून ते आत गेले. मिस्त्रीने पाने गोणपाटात गुंडाळले. जाताना माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता तरी पाय उचलत जा." ह्यापेक्षा त्याने माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

स्टेशनाजवळच्या लिंबाखाली तो पुन्हा दिसला नाही. बायकोपोरांना घेऊन सोलापूरकडे गेला, एवढंच ढोरवाड्यात कळलं. मी शोधायला गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

पत्र्याची खोली नांदेडहून आलेल्या नव्या मिस्त्रीला मिळाली. त्यानेही चामडं आमच्याच ढोरवाड्यातून आणलं आणि एरंडेलातच भिजवलं. मी मात्र आता पाय उचलून बसायला लागलो होतो. ती पट्टी मोटार विकेपर्यंत टिकली.

"कामाचा माणूस मिळाला बघा," मालक आल्यागेल्याला सांगायचे. "आधीच्यानं नुसती माती केली होती. विचारा आमच्या ड्रायव्हरला."

लोक विचारायचे. मी "खरं हाय," म्हणायचो.