बिनघोड्याचं पिस्तूल

एकवीस वर्षं एकाच टेबलावर काम करूनही मला त्याच्याविषयी फारसं माहीत नाही. त्याला भाऊ होता की नव्हता, हेही मी कधी विचारलं नाही. तरी लिहितो आहे.

आम्ही दोघे पोलिसांच्या शस्त्रागारात मिस्त्री होतो. पिस्तूल जोडण्याआधी तो प्रत्येक भागावर हलकेच फुंकर मारी, म्हणून सगळे त्याला 'फुंकर' म्हणत. मला टोपणनाव नव्हतं. त्याचंही मला वाईट वाटे.

मोठे मिस्त्री निवृत्त व्हायच्या वर्षी नवीन पिस्तुलं घ्यायची ठरली. साहेबांनी दोन नमुने दिले आणि दोघांनी वेगवेगळा अहवाल लिहा, असं सांगितलं. त्या अहवालांवरून नवा मोठा मिस्त्री ठरणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी पसंती लोखंडी, जड पिस्तुलाला होती. त्याला मागे घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी, आणि बाजूला सुरक्षेचा खटका. फुंकरला दुसरं आवडलं: हलकं, बाहेर घोडा नाही, हाताने सरकवायचा खटकाही नाही.

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हणालो.

"मैदान आहे रे. माझ्याला घोडाच नाही!"

सगळे हसले. मी कधी असं बोललो असतो तर कुणी हसलं नसतं.

चाचणीला त्याने नुकतीच भरती झालेली शिपाई मुलगी आणली.

"तिला काय कळतंय यातलं?"

"कळत नाही, म्हणूनच. आपले हात सरावलेत."

तिने आधी माझं पिस्तूल उचललं, नेम धरला, चाप ओढला. काहीच नाही. ती खटका खाली करायला विसरली होती.

"ताई, घोडं कुठं अडलं?" मागून कुणीतरी ओरडलं. माझे कान तापले. खटका सोडल्यावर पहिला चाप जड गेला आणि गोळी लक्ष्याच्या खाली लागली. पुढे मात्र शेवटपर्यंत ते एकदाही अडकलं नाही. फुंकरचं पिस्तूल तिने उचललं आणि लगेच चालवलं, पण तिचं मनगट ढिलं पडलं की रिकामं काडतूस आतच अडके. असं दोनदा झालं. मी मनात दिवाळी केली.

माझ्या अहवालात ते दोन्ही अडकणं आलं. खटक्याबद्दल मी अवाक्षर लिहिलं नाही.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. फुंकरने लिहिलं होतं, 'वापरायला हलकं सोपं. भरवशाला जड सरस. हलकं दोनदा अडकलं. शिकवताना मनगटाकडे लक्ष द्यावं.' खटक्याचंही सगळं होतं, माझी टिंगल न करता.

"तुमच्या जोडीदाराने तुमच्या पिस्तुलाची बाजू तुमच्यापेक्षा चांगली मांडलीय," साहेब मला म्हणाले.

तो मोठा मिस्त्री झाला. चुरशीत हरलो असतो तर विसरलो असतो. त्याच्या चांगुलपणाने हरलो, ते आजही घशाखाली उतरत नाही. पुढची नऊ वर्षं मी त्याला नीट हाक मारली नाही. त्याने मात्र कधी आवाज चढवला नाही. त्याचाही मला रागच येई.

एका गुरुवारी घरी जाऊन तो जो झोपला, तो उठलाच नाही. त्या दिवशी निघताना दारात थांबला होता.

"उद्या जरा उशीर होईल मला. चावी तुझ्याकडे ठेवतोस?"

"ठेव टेबलावर," मी म्हणालो, मान वर न करता.