लालबागला भेकर भुंकलं

गॅलरी कोसळली तेव्हा मंदाचा पदर माझ्या मुठीत होता. दार जागेवर होतं, दारापुढे काही नव्हतं. फळ्या, कठडा, आमच्या कुरडया... सगळं तीन मजले खाली.

मंदा माझी सून. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची मागची खोली. दुपारचे अडीच वाजले असतील. मी चौथी शिकलेली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. झालं ते सांगते.

मंदा वाळत घातलेल्या कुरडया उलटायला निघाली होती. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. एकच भुंकणं, खरखरीत. मग गप्प. मग परत एक. कुत्रं भुंकत सुटतं, थांबत नाही. हे एकेक सोडत होतं.

माझं माहेर सावंतवाडीकडचं, रानाला लागून. तिथे भेकर असतं — बकरीएवढं तांबूस हरीण. एकटं फिरतं, झाडाखाली पडलेली फळं खातं. नराची शिंगं वीतभरही नसतात, पण तोंडात सुळे. जनावर भित्रं, तरी वाघाचा वास आला की लांब उभं राहून भुंकत राहतं. बाबांनी शिकवलेलं, भेकर भुंकलं की आहेस तिथे थांब. लहान असताना एकदा मी अशीच ओहोळाच्या वाटेवर थांबले होते. सकाळी ओहोळाकाठी वाघाची पावलं होती.

मी म्हटलं, "मंदा, थांब. भेकर आहे."

"लालबागला? कुत्र्याला खोकला झालाय, आई."

ती हसत उंबऱ्याशी गेली. आवाज परत आला, अगदी दारातून. मी तिचा पदर धरला.

"सोडा ना, फाटेल."

फाटला. मी सोडला नाही.

नंतर तिनेच चाळभर विचारलं, कुत्रा कोणाचा? आमच्या मजल्यावर कुणी कुत्रा पाळत नाही. खालच्यांनी काही ऐकलंच नव्हतं. संध्याकाळी नातीने मोबाईलवर भेकराचा आवाज शोधून लावला. मंदाने ऐकला आणि म्हणाली, "बंद कर. हाच."

फळ्या कुजलेल्या होत्या, त्या पडल्या यात नवल नाही. भुंकलं कोण, ते मला आजही सांगता येत नाही — उगाच काही जोडून सांगणार नाही. गॅलरी पडली तेव्हा तिच्यावर कोणी नव्हतं, खाली चाळीच्या मोरीपाशीही कोणी नव्हतं. मंदा वाचली. मी वाचले.