‘टॅरी’ शिकवताना

निघायच्या दिवशी गावात माझा सत्कार झाला. मुरबाडकडच्या आमच्या गावातून परदेशी जाणारा मी पहिलाच, म्हणून शाल, नारळ आणि तीन भाषणं. तिन्ही वक्त्यांनी मला तीन वेगवेगळ्या देशांत पाठवलं. त्यातच आईपाशी बसायचा वेळ संपला.

गाडीकडे वळलो तर दारातून आईची हाक आली, "अरे, थांब रे!" निघालेल्याला मागून हाक मारायची नसते, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. चुकून मारलीच, तर त्याने परत घरात यायचं, बसायचं, घोटभर पाणी पिऊन नव्याने निघायचं. तिची हाक चुकून आलेली नव्हती. "आये, टाइम नाय," म्हणत मी गाडीत बसलो.

आता मी इंग्लंडमधल्या एका शाळेत इंग्रजांच्या मुलांना त्यांचीच भाषा शिकवतो. काल धड्यात ‘टॅरी’ हे जुनं क्रियापद आलं. अर्थ रेंगाळणं, निघायचं असून थोडं थांबणं. हल्ली कुणी ते बोललं तर नाटकातून पळून आल्यासारखं वाटतं. जुन्या कथा-कवितांत मात्र यजमान याच शब्दाने पाहुण्याला आणखी एक रात्र ठेवून घेतो, आणि शत्रू जवळ आला की दूत राजाला याच शब्दाने बजावतो, टॅरी करू नका. फळ्यावर मी दोन्ही वापर लिहिले. लिहिताना राजा काही डोळ्यांपुढे येईना, दारात उभी आईच येत राहिली.

मधल्या सुट्टीत भातसानगरच्या बहिणीचा फोन आला. "आये चक्कर येऊन पडली. ठाण्याला आणलीय. हार्टचं ऑपरेशन सांगितलंय, उद्या सकाळी."

"मी निघतो."

"मला काय सांगतोस? तू मोठा मास्तर. टाइम भेटला का ये."

"आये काय म्हणते?"

"म्हणते, त्याला बोलवू नको, त्याची खोटी होईल." मग हळूच, "डाक्टर बोलले, दोन दिवस थांबता येईल, पण लवकर केलेलं बरं. तुझ्यासाठी थांबवू का?"

 मी म्हणालो, "नको. करून टाका."

हे विमानतळावर लिहितोय. ठाण्यात सकाळ झाली असेल. फोन आलेला नाही, आणि करायचा धीर नाही. माझ्यासारखे निघून आलेले ओळखतील: आपण पोचायच्या आत जिथे काहीही घडून गेलेलं असू शकतं, आणि तरी पोचायचंच असतं, आता त्यालाच घर म्हणायचं.