तहानेचा उद्गार

गुड फ्रायडेची पांढरी साडी नेसून चर्चला निघाले आणि कोरडा नळ फुसफुसला. आठ दिवसांनी, नेमका आत्ता! अकोल्याच्या या नळांना मेलं काही कळतच नाही.

मी चौदा वर्षांची असतानाही असंच झालं होतं. भर दुपारची उपासना, पंख्याची गरम हवा. पाळक वधस्तंभावरच्या येशूच्या तहानेबद्दल सांगत होते आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "नळ आले!" आई उठलीच.

"आई, आज तं बस ना वं!"

"शेजारच्या आजीचा माठ कोन भरीन?"

ती परतली ती शेवटच्या प्रार्थनेला, निथळत्या साडीनं, थेट पुढच्या बाकावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन पाहते तर आमचे ड्रम कोरडे! खाटेला खिळलेल्या आजीचं भरेपर्यंत पाणी गेलं होतं. आठवडाभर मी आईशी धड बोलले नाही.

पाळक त्या तहानेवर काय बोलले, त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही. फरशीवर ठिबकणारं आईच्या साडीचं पाणी तेवढं आठवतं.

आता बारा वाजत आले होते, उपासना सुरू व्हायची वेळ. चरफडतच पदर खोचला आणि समोरच्या, काठीनं चालणाऱ्या काकाजींची कडी वाजवली.

"काकाजी, आधी तुमची बादली द्या. अन् लवकर द्या!"