नत्थुजींनी जोडलेला वॉकर

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजींचं वेल्डिंगचं दुकान. नांगराच्या फाळापासून शाळेच्या फाटकापर्यंत काहीही जोडून देतील आणि चारचौघांत स्वतःच सांगतील, हा स्वभाव. चांदूर बाजारला लेकीच्या सासरी विहीणबाई मैनाबाईंच्या वॉकरचा पाय तडकलेला दिसला, मग ते गप्प कसले बसतात?

"इहीनबाई, नवा कायले घेता? मी आहो ना!"

बापाचं बोलणं ऐकून प्रणालीचा चेहरा फुलला.

वॉकर ॲल्युमिनियमचा. म्हणजे नुसत्या ॲल्युमिनियमचा नव्हे, तो मऊ, भार पडला की वाकायचा. त्यात थोडं मॅग्नेशियम, थोडं सिलिकॉन मिसळून, भट्टीत मुरवून नळी ताठ करतात. म्हणून तर म्हातारं माणूसही तो सहज उचलतं आणि तो त्याचा भार सोसतो. नत्थुजींचा जन्म गेला लोखंडात. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. वॉकर दुकानात आणून ते ज्योत धरून लालीची वाट बघत बसले. हा धातू रंग बदलतच नाही. चकाकता चकाकता पाय एकदम ओघळला आणि खाली गोळा होऊन पडला.

लाजेनं त्यांचे कान तापले. कुणी पाहिलं तर? सांगाडा त्यांनी भंगारात घातला, तसाच नवा वॉकर आणला, मुठींवरच्या जुन्या चिंध्या त्यावर गुंडाळल्या आणि नळ्या मातीनं घासून मळकट केल्या. मग तो चांदूर बाजारला पोचवला.

"जोड तर दिसतही नाही!" जावई म्हणाला आणि कामाला निघून गेला.

"माह्या बाबाचा हात हाये तो," म्हणत प्रणाली चहा टाकायला आत गेली.

मैनाबाईंनी आडव्या दांडीखाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इवाईबुवा, जुना कोठी हाये?"

"भंगारात," नत्थुजी कसेबसे म्हणाले.

"दांडीखाली प्रणालीच्या सासऱ्याचं नाव होतं, भांड्यावर कोरतात तसं. वॉकर त्याईचाच. ते गेल्यावर मी वापरला." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पोरीसमोर बोलली नाही. तिचा तुमच्यावर लय भरोसा हाये."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नत्थुजींना वाटलं.

प्रणाली चहा घेऊन आली. "बाबा, शेजारच्या आशाबाईचा पन वॉकर तुटला. तुमीच जोडून द्या म्हनते."

नत्थुजींनी कप हातात घेतला नाही.

"बस बाई इथं," ते म्हणाले. "मले ते जोडता येत नाही."