पाण्याचा रकाना

त्या प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही मला माझीच चीड येते. दोन हजारनंतरची गोष्ट. मी सिंगापूर पोलिसात तपास अधिकारी होतो. घरी मराठी, ठाण्यात इंग्रजी.

उत्तर किनाऱ्यावर खारफुटीत काळं तेल सापडलं. जवळच्या जहाजदुरुस्ती यार्डाच्या सुपरवायझरने खबर दिली, की एका पर्यावरण संस्थेच्या बाईंनीच यार्डाला बदनाम करायला ते ओतलं. यार्डाच्या पहारेकऱ्याने रविवारी सकाळी नऊला स्वतः पाहिलं म्हणे.

बाई मूळच्या पुण्याच्या, बुकित पंजांगला राहणाऱ्या, बँकेत नोकरी. सात जणांनी काढलेली संस्था. सुरुवातीला कुणी दारात उभं करत नसे. तरी दहा वर्षं ही मंडळी ओहोटीला चिखलात उतरून खेकडे, रोपं मोजत, वहीत नोंदवत आणि सरकारी खात्यांना पत्रं लिहीत राहिली. आता गुन्हा सिद्ध झाला असता तर संस्थेची नोंदणी गेली असती आणि बाईंचा पीआर, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याचा परवानाही.

मी त्यांना बोलावलं. वाटलं, मराठीत दोन शब्द बोललो की कबूल होतील. कसलं काय!

“बाई, सरळ सांगा. का ओतलंत?”

“साहेब, आमची वही जप्त केलीत ना? ती वाचा, मग बोलू.”

मला राग आला. आरोपीने मला काम सांगावं? मुद्देमालाचं लेबल लावून वही कपाटात टाकली होती, ती तिथेच राहू दिली. पहारेकऱ्याचा जबाब पुन्हा घेतला.

“चिखलात उभी होती, सर. बादली ओतत होती. शुअर लाह,” तो इथल्या बोलीत ठासून म्हणाला.

वही जप्त केल्याच्या अकराव्या दिवशी, आरोप ठेवण्याआधी जागेचा नकाशा हवा म्हणून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. तेलाचा काळा पट्टा झाडांच्या खोडांवर माझ्या छातीइतका उंच. चिखलात बादली ओतली तर तेल तिथवर चढेल कसं? ते भरतीच्या पाण्यावर तरंगत आलं होतं. तसाच परतलो आणि वही उघडली. पहिला रकाना तारखेचा नव्हता, पाण्याच्या उंचीचा होता. त्या रविवारची नोंद होती : ‘नऊला पूर्ण भरती. आज उतरलो नाही.’ बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. म्हणजे नऊला तो चिखल छातीभर पाण्याखाली होता; तिथे उभं राहून बादली ओतणं शक्यच नव्हतं.

तक्ता पहारेकऱ्यापुढे ठेवला.

“टाइम सुपरवायझरने सांगितला, सर. मी गेट सोडून कुठे जातच नाही.”

सुपरवायझरने ऑफिसात बसून घड्याळ पाहिलं होतं, समुद्र पाहिला नव्हता. तेल यार्डाच्याच बोटीतून सोडलेलं निघालं.

बाईंना बोलावून मी माफी मागितली. बँकेने तोवर त्यांना घरी बसवलं होतं. त्या म्हणाल्या, “माफी राहू द्या, वही द्या. उद्या सातला ओहोटी आहे. अकरा दिवसांच्या नोंदी बुडाल्यात.”

लोक म्हणतात, मी ते प्रकरण उकललं. खोटं आहे. उत्तर माझ्याच कपाटात, माझ्याच सहीच्या लेबलाखाली पडलं होतं, आणि तिकडे एक निर्दोष बाई अकरा दिवस आरोपी म्हणून जगत होती. त्यानंतर जप्त केलेला कागद वाचल्याशिवाय मी कुणालाही प्रश्न विचारला नाही.