खराडीच्या फाटकावरच्या पाट्या

खराडीतल्या त्या पाट्यांची तक्रार मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त म्हणवून घ्यायला माझं वय कमी आहे. फौजदारकीचा राजीनामा दिला आणि आता पत्रकं लिहितो.

सकाळी ठाण्यात फोन आला: सोसायटीच्या फाटकावर परप्रांतीयांविरुद्ध पाट्या लागल्यात, वातावरण बिघडेल. स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. पिवळा पत्रा, काळी अक्षरं, थेट पेठेतल्या पुणेरी पाटीचा थाट: 'चपट्या नाकाच्यांना येथे घर मिळणार नाही. कारण विचारू नये.'

रंगवणारी लपलीच नव्हती. तिथेच भाड्याने राहणारी चित्रकार. तिच्यासोबत राहणारी मैत्रीण मणिपूरची, रुग्णालयात नर्स. सोसायटीच्या ऑनलाइन ग्रुपवर बनावट नावाने कुणीतरी या मैत्रिणीविरुद्ध रोज गरळ ओकत होतं. बिचारीने सामान बांधायला घेतलं होतं. चित्रकाराने तीच वाक्यं पत्र्यावर उतरवली. म्हणाली, फोनवर कुणाला लाज वाटत नाही, फाटकावर वाटते का बघू.

तक्रारदार सोसायटीचे सेक्रेटरी. इस्त्रीचा शर्ट, शुद्ध भाषा. त्यांना चित्रकारावर तेढ पसरवल्याचा गुन्हा हवा होता, दोघींना घराबाहेर काढायला तेवढंच निमित्त पुरलं असतं. माझी चीड मी गिळली आणि सेक्रेटरी व चित्रकाराला ठाण्यात समोरासमोर बसवलं. जबाब नोंदवण्याआधी आक्षेपार्ह मजकूर तक्रारदाराला मोठ्याने वाचून दाखवायची माझी पद्धत होती. वाचला. सेक्रेटरींना राहवेना.

"अहो साहेब, हे अर्धवट आहे. पुढे मी 'सुरक्षेच्या दृष्टीने' असं स्पष्ट लिहिलं होतं."

हवालदाराचं पेन थांबलं.

चित्रकार म्हणाली, "काका, पत्रा संपला."

गुन्हा आता कुणावर नोंदवू, असं मी विचारलं. सेक्रेटरी पाणी प्यायले. मग मी मैत्रिणीला बोलावून सांगितलं, तक्रार करायचा हक्क तुमचा आहे, मी लिहून घेतो. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "केस नको. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने माफी."

संध्याकाळी माफी आली, पूर्ण नावानिशी. तिने बांधलेलं सामान पुन्हा उघडून लावलं. आजही ती तिथेच राहते, आणि याचं मला भारी समाधान आहे.

असलं लिहिणारा गुंड असतो, हा माझा समज त्या दिवशी गेला. तो लिफ्टमध्ये आपल्याला नमस्कार करतो. त्याला पकडायला फार अक्कल लागत नाही. त्याचं वाक्य त्याच्याच तोंडावर मोठ्याने वाचायची हिंमत लागते.